इनॅमलवर लॅकरचा पारदर्शक हात दिला आणि बॉडी सुरकुतली: रंग उतरवावा की घासून पुढे जावे?

प्रश्न

सप्रेम नमस्कार.

गेली दोन वर्षे मी मोटारींच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती जोडतो आहे. सध्या हातात असलेले पाचवे किट १/२४ प्रमाणातले असून ते एका जुन्या, दोन दारांच्या स्पोर्ट्‌स मोटारीचे आहे. इंजिन, चॅसिस, आतली आसने आणि डॅशबोर्ड ही कामे मी दोन महिने सावकाश केली आणि ती मनासारखी उतरली. स्पार्क प्लगच्या तारा तांब्याच्या बारीक तारेने ओढल्या, डॅशबोर्डच्या तबकड्यांवर पारदर्शक रंगाचा एकेक थेंब सोडून काचेचा भास आणला. बॉडीच्या वेळी मात्र सगळे बिघडले.

काय केले ते क्रमाने सांगतो. बॉडी साबणाच्या कोमट पाण्याने धुतली, राखाडी लॅकर प्रायमरचे (रंगाखाली देतात त्या अस्तराचे) दोन हात दिले, ते वाळल्यावर एअरब्रशने लाल इनॅमलचे तीन हात दिले आणि दोन दिवस थांबलो. रंग बोटाला कोरडा लागत होता, म्हणून तिसऱ्या दिवशी स्प्रे कॅनमधल्या पारदर्शक लॅकरचा एक भरपूर ओला हात दिला. पहिली पाच मिनिटे बॉडी आरशासारखी दिसत होती. मग छपराच्या मध्यभागी एक बारीक सुरकुती उमटली, तिच्या शेजारी दुसरी, आणि पाहता पाहता छप्पर व बॉनेट ही दोन्ही फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांच्या कातडीसारखी झाली. दारे आणि मागची मडगार्डे बचावली, पण तिथेही पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आहे.

हे नेमके कशामुळे झाले, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरे असे की, सुरकुतलेला भाग घासून त्यावरच पुन्हा रंग द्यावा, की बॉडी पूर्ण उघडी करावी? आणि उघडी करायची झाल्यास प्लास्टिकला धक्का न लागता रंग कसा उतरवावा? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास मी ऋणी राहीन, कारण या किटवर माझा फार जीव आहे.

पहिले उत्तर

तुमचे वर्णन इतके नेटके आहे की कारण सांगणे अवघड नाही. इनॅमल आणि लॅकर हे दोन रंग वाळण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती आहेत, आणि त्या रीतींची टक्कर तुमच्या छपरावर झाली.

लॅकरमधले द्रावण उडून गेले की लॅकर वाळला. त्यात आणखी काही घडायचे राहत नाही. इनॅमलमध्ये मात्र द्रावण उडून जाणे ही केवळ पहिली पायरी असते. त्यानंतर त्यातला तेलयुक्त घटक हवेतला प्राणवायू हळूहळू शोषून घेतो आणि त्या क्रियेने थर घट्ट होत जातो. या दुसऱ्या पायरीला कित्येक दिवस लागतात, आणि जाड थराला त्याहूनही अधिक. दोन दिवसांनी बोटाला कोरडा लागला तो फक्त वरचा पापुद्रा. खालचा रंग अजून मऊच होता. त्यावर तुम्ही लॅकरचा ओला हात दिलात, तेव्हा लॅकरमधले तीव्र द्रावण त्या पापुद्र्यातून आत शिरले आणि मऊ थर फुगला. फुगलेल्या थराला आडवे पसरायला जागा नसते, म्हणून तो उचलला जातो आणि सुरकुततो. छप्पर आणि बॉनेट आडवे असल्यामुळे तिथे रंगही जाड बसला होता आणि लॅकरही साचून राहिला. दारे उभी असल्यामुळे बचावली.

म्हणून क्रम कायमचा लक्षात ठेवावा: खाली लॅकर, वर इनॅमल. नीट वाळलेल्या लॅकरवर इनॅमलने बारीक काम करणे निर्धोक आहे, उलट क्रम नव्हे. इनॅमल पुरते मुरले आहे की नाही याची माझी कसोटी नाकाची आहे. बॉडी नाकाशी धरून रंगाचा वास येतो का ते पाहावे; किंचितही वास येत असेल तर आत अजून काहीतरी चालू आहे असे समजावे आणि हात लावू नये.

आता उतरवण्याविषयी. घासून पुढे जाण्याचा विचार सोडून द्या. सुरकुती वरवरची दिसली तरी ती थराच्या तळापर्यंत गेलेली असते, आणि घासून सपाट केलेल्या सुरकुतीवर नवा लॅकर पडला की ती पुन्हा उठते. बॉडी पूर्ण उघडी करणे हाच मार्ग आहे.

थिनर, ॲसिटोन किंवा पेट्रोल यांतले काहीही वापरू नका. किटचे प्लास्टिक पॉलिस्टायरीनचे असते. ॲसिटोन आणि लॅकरचा थिनर ते विरघळवतात आणि पेट्रोल त्याला ठिसूळ करते. इनॅमलवर सर्वांत गुणकारी ठरतो तो कॉस्टिक सोडा असलेला, ओव्हन साफ करण्यासाठी मिळणारा क्लीनर. कॉस्टिक सोडा इनॅमलमधल्या तेलयुक्त घटकाचा अक्षरशः साबण करून टाकतो, पॉलिस्टायरीनला मात्र तो काही करत नाही. बॉडी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवून त्यावर तो फवारावा आणि काही तास थांबावे. ॲल्युमिनियमचे भांडे चुकूनही घेऊ नये, कारण कॉस्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. हे द्रव्य डोळ्यांत गेले तर कायमची इजा होऊ शकते. नंतर वाहत्या पाण्याखाली जुन्या, मऊ टूथब्रशने रंग काढावा. छपराच्या कडेची पन्हळ आणि नावाची अक्षरे यांवरून ब्रश एकाच दिशेने फिरवावा. लॅकर प्रायमर बहुधा राहील. तो काढण्यासाठी बॉडी रात्रभर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवावी, म्हणजे तो सुटतो. प्रायमर घट्ट आणि गुळगुळीत असेल तर तो ठेवला तरी हरकत नाही. काहीही करण्याआधी किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्या उरलेल्या तुकड्यावर प्रयोग करून पाहावा.

खडबडीतपणाचे कारण वेगळे आहे. रंगाचे कण पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत अर्धे वाळले तर ते एकमेकांत मिसळून सपाट होत नाहीत. बहुधा एअरब्रश लांब धरला गेला असावा किंवा रंग घट्ट असावा. स्प्रे कॅन वापरणार असाल तर तो हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्यात काही मिनिटे उभा ठेवावा. दाब वाढतो, रंग पातळ होतो आणि कण बारीक येतात. आच किंवा उकळते पाणी कॅनजवळही नेऊ नये. पहिला हात इतका विरळ द्यावा की खालचा प्रायमर दिसत राहील; त्यावर दुसरा थोडा दाट, आणि शेवटचा तेवढा ओला. कॅनचे बटण बॉडीच्या बाहेर दाबावे आणि हात पलीकडे बाहेर नेऊनच सोडावे, नाहीतर कडेला थेंब पडतात. दमट हवेत लॅकर मारू नये. द्रावण झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि लाल रंगावर पांढुरकी झाक येते.

दुसरे उत्तर

वरच्या उत्तरातले रसायन अचूक आहे. मला त्यात बॉडी उघडी झाल्यानंतरच्या आणि नवा रंग चढण्याआधीच्या कामाची भर घालायची आहे, कारण माझ्या मते मोटारीच्या प्रतिकृतीचा निकाल याच टप्प्यावर लागतो. रणगाड्यावर चिखल, गंज आणि धूळ दाखवता येते आणि त्याखाली पुष्कळ काही झाकले जाते. चकचकीत मोटारीवर काहीच झाकले जात नाही. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली केसाएवढी रेघ राहिली असेल तर तकाकी आल्यावर ती दहापट ठळक होते.

तुम्ही साच्याच्या रेघांचा उल्लेख केलेला नाही. बहुतेक किटांमध्ये त्या पुढच्या मडगार्डाच्या माथ्यावरून निघतात, खिडकीच्या खांबावर चढतात आणि मागच्या मडगार्डावरून बंपरपर्यंत उतरतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, म्हणून डोळे मिटून नखाने चाचपाव्यात. नख अडेल तिथे ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पुढे १००० नंबरने साफ करावे. खड्डा निघाला तर लांबी (पुटी) भरावी, आणि ती पूर्ण बसू द्यावी. घाईने घासलेली लांबी आठवड्याने खाली बसते आणि रंगाखालून खड्डा वर दिसतो.

नंतर दारे, बॉनेट आणि डिकी यांच्याभोवतीच्या रेघा खोल कराव्यात. यामागचा हिशेब रंजक आहे. खऱ्या मोटारीच्या दाराभोवतीची फट साधारण ४ मि.मी. धरली, तर १/२४ प्रमाणात ती जेमतेम ०.१७ मि.मी. होते. प्रायमर, रंग आणि पारदर्शक लेप मिळून थर ०.१ मि.मी.च्या आसपास गेला, की तो खऱ्या मोटारीवर २.४ मि.मी. जाडीचा रंग थापण्यासारखे होते. अशा थराखाली रेघ बुजते आणि मोटार एका ठोकळ्यातून कोरल्यासारखी दिसू लागते. रेघ खोल करण्याच्या सुईने किंवा जुन्या पात्याच्या पाठीच्या टोकाने, अजिबात जोर न देता, एकाच रेघेवरून दहा-बारा वेळा हात फिरवावा. जोर दिला की टोक घसरते आणि दारावर ओरखडा उठतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोरडी जुळणी. रंग देण्याआधी चॅसिस, चाके, आतला भाग आणि काचा मास्किंग टेपने तात्पुरत्या बसवून बॉडी त्यावर चढवून पाहावी. चाक कमानीच्या मध्यभागी येते का, मोटार चारही चाकांवर टेकते का, आणि मुख्य म्हणजे चॅसिस आत जाताना बॉडी कुठे ताणावी लागते, हे तेव्हाच कळते. माझ्या तिसऱ्या प्रतिकृतीच्या वेळी मी हे केले नव्हते. बॉडी पॉलिश होऊन अशी झाली होती की तिच्यात खोलीचा दिवा दिसत होता. चॅसिस आत जाईना म्हणून मी दोन्ही बाजू अंगठ्यांनी फाकवल्या, आणि पुढच्या काचेचा डावा खांब मुळाशी मोडला. तो आवाज मला आजही आठवतो. खांब जोडला गेला, पण रंगाला गेलेला तडा शेवटपर्यंत लपला नाही. आतल्या बाजूने अर्धा मिलिमीटर कानस मारली असती तर काम भागले असते.

तिसरे उत्तर

बॉडी उघडी होणारच आहे, तर तुम्हाला एक संधी आहे. डिकीवर किंवा मडगार्डावर मोटारीच्या नावाची उठावदार अक्षरे असतील, तर ती नंतर ब्रशने रंगवण्याच्या फंदात पडू नका. प्रायमरच्या आधी, उघड्या प्लास्टिकवरच त्या अक्षरांवर क्रोमच्या पातळ फॉइलचा तुकडा चिकटवा, कापसाच्या बोळ्याने इतका दाबा की प्रत्येक अक्षर फॉइलमधून वर येईल, आणि भोवतालचे फॉइल नव्या पात्याने कापून काढा. मग नेहमीप्रमाणे प्रायमर आणि रंग द्या. रंग वाळला की टूथपिकला किंचित थिनर लावून फक्त अक्षरांच्या माथ्यावरून फिरवायचे. तिथला रंग निघून खालचे फॉइल उघडे पडते. पाऊण मिलिमीटर उंचीचे अक्षर चांदीच्या कडेने चमकते आणि त्याच्या पोटात लाल रंग तसाच राहतो. पारदर्शक लेप त्यानंतर द्यावा. खिडक्यांच्या चौकटींसाठी हेच फॉइल वापरावे, पण ते सर्व पॉलिश झाल्यावर.

किटमध्ये आलेले क्रोमचे भाग, म्हणजे बंपर, ग्रिल आणि चाकांच्या रिंगा, मी जसेच्या तसे कधीच वापरत नाही. ते फार झगझगीत असतात आणि चौकटीतून कापल्याच्या जागा उघड्या राहतात. घरगुती ब्लीचमध्ये ठेवल्यावर क्रोमचा थर काही वेळात निघून जातो. एक सूचना अत्यंत गांभीर्याने देतो: ब्लीच दुसऱ्या कोणत्याही साफसफाईच्या द्रव्यात मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघू शकतो. साफ झालेल्या भागावर चकचकीत काळा रंग देऊन, तो पूर्ण वाळल्यावर क्रोमसारखा दिसणारा लॅकर विरळ मारला की खऱ्या बंपरसारखे गडद प्रतिबिंब येते. काळ्याची तकाकी कमी पडली तर क्रोमही राखाडी दिसतो, म्हणून तिथे घाई करू नये.

खऱ्या मोटारीची छायाचित्रे समोर ठेवून काम करा. प्रतिकृतींची किट बनवणाऱ्या जपानी तामिया कंपनीचे शुन्साकु तामिया यांनी १९७० च्या दशकात पोर्शेची प्रतिकृती काढताना खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती, आणि १९७६ साली त्यांचे पोर्शे ९३४ चे १/१२ प्रमाणातले किट आले. आपल्याला तेवढे करण्याची गरज नाही, पण चॅसिसचा कोणता भाग मॅट, कोणता अर्धवट चमकदार आणि कोणता उघड्या धातूचा, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. संपूर्ण मोटार सारखीच चमकली की ती खेळणे वाटते.

चौथे उत्तर

पॉलिशविषयी अजून कोणी लिहिले नाही, आणि तिथेच पुष्कळ चांगल्या बॉड्या वाया जातात.

पारदर्शक लॅकरचा शेवटचा हात दिल्यावर किमान आठवडाभर थांबा. मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, ओले घासा. पृष्ठभाग आधी ठिपक्याठिपक्यांनी मॅट होईल. चमकणारे ठिपके म्हणजे अजून न घासलेले खड्डे. सर्वत्र एकसारखी मॅट छटा आली की थांबा आणि जाड, मध्यम, बारीक अशा क्रमाने पॉलिशिंग कंपाउंड वापरा. प्रत्येक कंपाउंडसाठी कापड वेगळे असावे. जाड कंपाउंडचा एक कण बारीकच्या कापडावर आला तरी तो गोल गोल ओरखडे उठवतो, आणि ते फक्त दिव्याखाली दिसतात, म्हणून उशिरा लक्षात येतात.

कडांना हात लावू नका. मडगार्डाच्या धारेवर, बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर आणि दाराच्या रेघांच्या काठावर रंग आधीच सर्वांत पातळ असतो, आणि कापडाच्या दोन फेऱ्यांत खालचा प्रायमर वर येतो. मी अशा प्रत्येक कडेवर एक मिलिमीटर रुंदीची मास्किंग टेप लावून उरलेला भाग पॉलिश करतो आणि शेवटी टेप काढून फक्त बारीक कंपाउंडने कड एकदा पुसतो. माझ्या मते छपराखेरीज इतरत्र पॉलिशची गरजच पडू नये इतका शेवटचा हात चांगला जमला पाहिजे, आणि पॉलिश ही दुरुस्ती समजावी.

बॉडीवर डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ चित्रे, लावणार असाल, तर त्यांवर लॅकरचा पहिला ओला हात कदापि देऊ नका. आधी दोन-तीन अगदी विरळ हात द्या आणि मध्ये वाळू द्या, नाहीतर सुरकुत्यांची हीच कथा डिकॅलांवर घडेल. काचा बसवताना सुपर ग्लू टाळा. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरा पडदा धरतो. लाकडासाठी वापरतात तो पांढरा गोंद काचांना उत्तम, कारण तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि सांडला तर पाण्याने पुसता येतो.

आणि लॅकर मारताना खोलीत हवा खेळती ठेवा व द्रावणांच्या वाफेसाठीचा, सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या काडतुसांचा मास्क लावा. धुळीसाठीचा साधा कापडी मास्क या वाफेला अडवत नाही.

प्रश्नकर्ता, पाच आठवड्यांनंतर

आपण सर्वांनी जे लिहिले ते मी छापून कामाच्या टेबलाशी लावले होते. आता झालेले काम कळवतो.

कॉस्टिकच्या क्लीनरने लाल रंग चार तासांत सुटला आणि ब्रशखाली पापुद्र्यांनी निघाला. प्रायमर आयसोप्रोपिलमध्ये एका रात्रीत गेला. फक्त छपराच्या पन्हळीत थोडा अडकून राहिला होता, तो टूथपिकने काढला. उघडी बॉडी डोळे मिटून चाचपली, तेव्हा दोन्ही मागच्या मडगार्डांवर साच्याची रेघ लागली. पहिल्या वेळी मला ती कळलीच नव्हती, म्हणजे सुरकुत्या पडल्या नसत्या तरी ती तकाकीखाली दिसलीच असती.

कोरड्या जुळणीत चॅसिस मागच्या बाजूला अडत होते. आतल्या भागाची कड दोन्हीकडून थोडी कानसल्यावर बॉडी सहज चढली. डिकीवरच्या अक्षरांना फॉइल लावण्यात दोन तुकडे फाटले, तिसरा बसला.

या वेळी लॅकर प्रायमर, लाल लॅकर आणि पारदर्शक लॅकर असे सर्व एकाच जातीचे ठेवले. लालाखाली राखाडीऐवजी फिकट गुलाबी प्रायमर घेतला, त्यामुळे लाल रंग कमी हातांत भरला आणि रेघा बुजल्या नाहीत. डाव्या दाराच्या खालच्या कडेला पारदर्शक लॅकरचा एक ओघळ आला. तो ओला असताना पुसण्याचा मोह आवरला, दहा दिवस थांबून त्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावली आणि फक्त त्याचा उंचवटा २००० नंबरने उतरवला. आता ती जागा मला स्वतःला शोधावी लागते. छपराला पॉलिश केले, बाकीच्या बॉडीला केले नाही.

अक्षरांवरचा रंग टूथपिकने काढला, तेव्हा पहिल्या अक्षराची कड चमकली आणि मी बराच वेळ पुढच्या अक्षराकडे गेलो नाही. बॉडीला आता वास अजिबात येत नाही. उद्यापासून खिडक्यांच्या चौकटींना फॉइल लावायला बसतो आहे; त्यानंतर काचा, आणि मग बॉडी चॅसिसवर.